वाफ वर, तेल खाली: खोलवरच्या टार सँडमधून बिटुमेन कसं निघतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅनडातली टार सँड, म्हणजे बिटुमेन या डांबरासारख्या घट्ट तेलानं भरलेली वाळू, म्हटलं की उघड्या खाणी आणि अवाढव्य डंपरचेच फोटो दिसतात, पण तीच वाळू तीनशे-चारशे मीटर खोल असेल तर तेल कसं काढतात? गरम पाणी सोडून किंवा दाबानं ढकलून ते का येत नाही? आणि भारतात असं काही करता येईल का? विचारणारी विद्यार्थिनी पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून थोडं आकड्यांत शिरून लिहितो. माझी सुरुवातीची वर्षं मेहसाण्यात जड तेलाच्या विहिरींवर गेली आणि नंतरची सगळी नोकरी कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, वाफेच्या प्रकल्पांवर रिझर्व्हॉयर इंजिनिअर, म्हणजे जमिनीखालच्या साठ्याचा हिशेब ठेवणारा, म्हणून.

आधी फोटोंबद्दल. अल्बर्टातले अथाबास्का, कोल्ड लेक आणि पीस रिव्हर हे तिन्ही साठे मिळून सुमारे १,४२,००० चौरस किलोमीटरवर पसरले आहेत, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्या क्षेत्रफळावर. त्यातली उघडी खाण करता येईल अशी जमीन जेमतेम ३ टक्के आहे, फोर्ट मॅकमरी गावाच्या उत्तरेला, जिथे वाळूवरचा मातीचा थर साधारण ७५ मीटरपेक्षा कमी आहे. काढता येण्याजोग्या साठ्यापैकी सुमारे ८० टक्के भाग खोल आहे. तो फक्त विहिरींतूनच निघू शकतो. त्यामुळे टार सँडचं भवितव्य डंपरवर नाही, वाफेवर ठरणार आहे.

मॅकमरी फॉर्मेशन या खडकथराची ही वाळू क्रेटेशियस काळात, दहा कोटी वर्षांहून आधी, नद्यांनी आणि खाड्यांनी आणून टाकली. तेल पश्चिमेकडच्या खोल खडकांतून सरकत इथे आलं आणि वर, थंड भागात आल्यावर सूक्ष्मजीवांनी त्यातला हलका, वाहता भाग खाऊन टाकला. उरलं ते बिटुमेन. वाळूच्या एकूण घनफळात साधारण एक तृतीयांश पोकळी असते आणि चांगल्या थरात त्या पोकळीचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग बिटुमेननं भरलेला असतो. म्हणजे तेल भरपूर आहे, ते फक्त हलत नाही.

कॅलगरीत सरकारी कोअर रिसर्च सेंटर आहे. तिथे अल्बर्टातल्या विहिरींमधून काढलेल्या खडकाच्या नळकांड्यांच्या लाखो पेट्या ठेवल्या आहेत. मॅकमरीच्या चांगल्या थराची पेटी उघडली की काळी, चकचकीत वाळू दिसते आणि ताज्या डांबरी रस्त्याचा वास येतो. बोटानं दाबली तर जरा दबते, पण एक थेंब सुटत नाही. जमिनीखाली तिचं तापमान १० अंशांच्या आसपास असतं. त्या तापमानाला अथाबास्काच्या बिटुमेनची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, दहा लाख सेंटिपॉइजच्या पुढे जाते; पाण्याची असते १. शंभर अंशांना ती काही शेकड्यांवर येते आणि दोनशे अंशांना दहाच्या घरात. थंडीत गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली गरम पाण्यात धरल्यावर जे होतं, तेच. फरक इतकाच की इथे बाटली किलोमीटरभर लांब आहे आणि आपण ती हातात धरू शकत नाही.

आता ढकलण्याबद्दल. एका विहिरीतून पाणी किंवा हवा दाबानं सोडली आणि दुसरीतून तेल घेतलं, हे नेहमीच्या तेलक्षेत्रात चालतं कारण तिथलं तेल सरकू शकतं. थंड बिटुमेन मात्र दगडासारखं बसलेलं असतं. दाब वाढवत गेलात तर ते सरकण्याआधी खडक फाटतो, आणि एकदा भेग पडली की तुमचं पाणी त्या भेगेतून निघून जातं.

कोल्ड लेकला, जिथे साठा साधारण ४५० मीटरवर आहे आणि बिटुमेन अथाबास्काच्या मानानं पातळ आहे, तिथे याच फाटण्याचा उपयोग करून घेतला. एकाच विहिरीत काही आठवडे जोरात वाफ भरायची, थोडे दिवस ती मुरू द्यायची, मग त्याच विहिरीतून गरम झालेलं तेल आणि पाणी उपसायचं. तेल आटलं की पुन्हा वाफ. इम्पीरियल ऑइल तिथे १९८५ पासून व्यापारी पातळीवर हे करते आहे. पद्धत चांगली आहे, पण खडक फाडण्याइतका दाब झेलायला वर जाड, भक्कम आवरण लागतं. कोल्ड लेकच्याच पट्ट्यात, प्रिमरोज इथे, २०१३ मध्ये याच पद्धतीच्या एका प्रकल्पात बिटुमेन चार ठिकाणी जमिनीवर झिरपत आलं होतं.

अथाबास्काचं कोडं सुटायला बराच वेळ लागला. १९५० च्या दशकाच्या शेवटी तर रिचफील्ड ऑइल कंपनीनं वाळूच्या खाली ९ किलोटनाचा अणुबॉम्ब उडवून त्याच्या उष्णतेनं तेल पातळ करायचा प्रस्ताव दिला होता आणि त्यावर सरकारी समित्यांत गंभीरपणे चर्चाही झाली. सुदैवानं कॅनडाच्या केंद्र सरकारनं तो बासनात गुंडाळला.

खरं उत्तर दिलं रॉजर बटलर यांनी. इम्पीरियलमध्ये काम करताना, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांनी ढकलण्याचा विचारच सोडून दिला. त्यांचं म्हणणं असं की वाफेला फक्त उष्णता पोहोचवू द्या, तेल हलवायचं काम गुरुत्वाकर्षणावर सोपवा. या पद्धतीचं नाव स्टीम-असिस्टेड ग्रॅव्हिटी ड्रेनेज, इंग्रजी लघुरूप एसएजीडी. साइटवर सगळे ‘सॅगडी’ म्हणतात. कल्पना सोपी असली तरी तेव्हा वरून इतक्या अचूक आडव्या विहिरी खोदता येत नव्हत्या. म्हणून पीटर लॉगीड यांच्या प्रांतिक सरकारनं १९७४ मध्ये स्थापन केलेल्या ऑस्ट्रा या संस्थेनं फोर्ट मॅकमरीजवळ दोनशे मीटरहून खोल शाफ्ट, म्हणजे उभे खड्डे, खणले, वाळूच्या खालच्या चुनखडीत बोगदे काढले आणि बोगद्यांतून वरच्या बाजूला वाळूत विहिरी नेल्या. १९८७ मध्ये तिथे फक्त ६० मीटर लांबीच्या विहिरींच्या तीन जोड्यांवर पहिली चाचणी सुरू झाली आणि ती यशस्वी ठरली. फॉस्टर क्रीकचा पहिला मोठा व्यापारी प्रकल्प २००१ मध्ये उभा राहिला, त्याचं मूळ या बोगद्यांत आहे. सरकारी पैशानं, निकालाची घाई न करता केलेल्या संशोधनाचं याहून चांगलं उदाहरण तेलउद्योगात मला तरी माहीत नाही.

पद्धत अशी. वाळूच्या थराच्या तळाजवळ दोन आडव्या विहिरी, एकीच्या बरोबर वर दुसरी, मध्ये साधारण ५ मीटरचं अंतर. लांबी ७०० ते १,००० मीटर, हल्ली त्याहूनही जास्त. खालची आधी खोदतात आणि वरची खोदताना खालच्या विहिरीतल्या चुंबकीय खुणेवर लक्ष ठेवत जातात, म्हणजे अंतर किलोमीटरभर सारखं राहतं. दोन्ही विहिरींच्या आडव्या भागात बारीक चिरा पाडलेला पाइप, म्हणजे स्लॉटेड लायनर, असतो. चिरेची रुंदी अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर असते: तेल आणि पाणी आत यावं, वाळू येऊ नये.

सुरुवातीला दोन-चार महिने दोन्ही विहिरींत वाफ नुसती फिरवत ठेवतात. या काळात उत्पादन जवळजवळ शून्य. मधली पाच मीटर वाळू तापून तिथलं बिटुमेन हलायला लागलं की वरच्या विहिरीतून वाफ सोडायची आणि खालच्या विहिरीतून उपसा सुरू करायचा. वाफ हलकी, ती वर चढते. वर थंड वाळू भेटली की तिचं पाणी होतं, त्या वेळी सोडलेली उष्णता बिटुमेनला मिळते, आणि पातळ झालेलं बिटुमेन व ते पाणी दोन्ही कडेकडेनं ओघळत खालच्या विहिरीकडे येतात. रिकाम्या झालेल्या जागेत नवी वाफ शिरते. अशी वाफेची एक पोकळी तयार होते, तिला आम्ही स्टीम चेंबर म्हणतो. ती आधी उंच वाढते आणि थराच्या छताला टेकल्यावर आडवी पसरते. एका जोडीचं आयुष्य दहा-पंधरा वर्षांचं असतं.

गरम पाणी का नको, याचं उत्तर इथेच आहे. २ मेगापास्कल दाबाला वाफेचं तापमान २१२ अंश असतं. त्या वाफेचा एक किलो तापमान न घटता पाणी झाला तर सुमारे १,८९० किलोजूल उष्णता सोडतो. तेच एक किलो पाणी २१२ वरून ११२ अंशांवर आलं तर मिळतात जेमतेम ४४०. शिवाय पाणी जड असल्यामुळे वर चढतच नाही. चेंबर वाढतो तो केवळ वाफ हलकी आणि तिच्यातून निघालेलं पाणी जड म्हणून. म्हणूनच बॉयलरमधून निघालेल्या साधारण ८० टक्के वाफ आणि २० टक्के पाण्याच्या मिश्रणातलं पाणी आधी वेगळं काढतात आणि शक्य तितकी कोरडी वाफ विहिरीत पाठवतात.

पुस्तकांत इथे थांबतात, पण रोजची खरी कसरत यानंतर सुरू होते. खालच्या विहिरीच्या वर ओघळून आलेल्या द्रवाचं एक तळं साचलेलं असावं लागतं. ते तळं हेच वाफेला अडवणारं झाकण. उपसा जास्त झाला तर तळं आटतं, वाफ थेट खालच्या विहिरीत घुसते, लायनरच्या चिरांमधून वेगानं जाताना त्या घासून रुंद करते आणि मग वाळू आत येते. त्या विहिरीची दुरुस्ती म्हणजे मोठा खर्च, कधी कधी विहीरच जाते. उपसा कमी झाला तर तळं वर चढतं, वरच्या विहिरीलाही बुडवू शकतं, आणि खालचा द्रव थंड होऊन पुन्हा दाट होतो.

तळ्याची पातळी डोळ्यांनी दिसत नाही. ती तापमानावरून ओळखायची. समजा चेंबरचा दाब २ मेगापास्कल, म्हणजे वाफ २१२ अंशांची. खालून येणारा द्रव २०० अंशांचा असेल तर फरक १२ अंश. या फरकाला आम्ही सबकूल म्हणतो. तो शून्याकडे सरकायला लागला की वाफ दाराशी आली. कंट्रोल रूममध्ये प्रत्येक जोडीची एक रेघ स्क्रीनवर चालू असते आणि नवा माणूस सगळ्यात आधी ती वाचायला शिकतो. विहिरीच्या आत फायबर ऑप्टिक केबल असेल तर तिच्या संपूर्ण लांबीवरचं तापमान कळतं, आणि मग लक्षात येतं की सरासरी सबकूल छान १५ अंश दाखवतोय, पण मधल्या पन्नास मीटरच्या पट्ट्यात तो केव्हाच संपलाय. सरासरीवर विसंबलेल्या विहिरी अशाच बिघडतात. प्रकल्पाला भेट द्यायची संधी मिळाली तर बॉयलर बघण्याआधी हा स्क्रीन बघ आणि बोर्डवर बसलेल्या ऑपरेटरला विचार की रात्री पंपाचा वेग कधी बदलला आणि का. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरापेक्षा जास्त शिकशील.

सॅगडीचा नफा-तोटा एका आकड्यात बसतो: एक बॅरल बिटुमेनसाठी किती बॅरल पाण्याची वाफ लागली. त्याला एसओआर (स्टीम-ऑइल रेशो) म्हणतात. २ ते २.५ म्हणजे उत्तम साठा, ३ म्हणजे बरा, ४ च्या पुढे गेलात तर गॅसचं बिल तुम्हाला खातं. एसओआर ३ असेल तर एका बॅरलमागे जवळपास ४८० लिटर पाणी उकळावं लागतं आणि त्यासाठी १ गिगाजूलहून जास्त नैसर्गिक वायू जाळावा लागतो. एका बॅरल बिटुमेनमध्ये स्वतःची ऊर्जा ६ गिगाजूलच्या थोडी वर. म्हणजे हातात येणाऱ्या ऊर्जेचा पाचवा-सहावा हिस्सा ते बाहेर काढण्यातच जातो, आणि बॅरलमागे ६० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, तेल कुठल्याही गाडीत जळण्याच्या आधीच. हा आकडा लपवण्यात अर्थ नाही. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरनं तो तोंडपाठ ठेवावा, कारण पुढच्या पंचवीस वर्षांतलं आपलं काम तो कमी करण्याचंच आहे.

पाण्याची कथा वेगळीच. वर जे येतं ते तेल नसतं. काचेच्या बरणीत नमुना घेतला तर तपकिरी, दुधट, गरम पातळ पदार्थ दिसतो: पाण्यात तेलाचे आणि तेलात पाण्याचे थेंब, वर थोडी चिखलाची साय. त्यातून तेल वेगळं करायचं, पाणी साफ करायचं, त्यातली सिलिका आणि क्षार काढायचे (नाहीतर बॉयलरच्या नळ्यांत पुटं चढतात) आणि तेच पाणी पुन्हा उकळायचं. चांगल्या प्रकल्पात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असं फिरतं. तूट भरायला बहुतेक ठिकाणी खोलवरचं खारं पाणी वापरतात. प्लांटची निम्मी डोकेदुखी याच भागात असते आणि कॉलेजात नेमका हाच भाग कुणी शिकवत नाही.

जमिनीच्या पोटातली दुसरी अडचण म्हणजे चिखलाचे पट्टे. खाडीत भरती-ओहोटीनं वाळूत मातीचे पातळ थर टाकले. एखादाच बोटभर जाड थर कोअरमध्ये दिसला तर तो बहुधा तेवढ्यापुरता असतो आणि वाफ वळसा घालून जाते. पण तिरके, एकामागे एक लागलेले थर दिसले तर चेंबर त्यांच्याखालीच अडकतो आणि वरचं तेल तसंच राहतं. म्हणून विहिरी खोदण्याआधी हिवाळ्यात, दलदल गोठल्यावर, ठिकठिकाणी कोअर काढतात. उन्हाळ्यात त्या भागात जड यंत्रं जाऊच शकत नाहीत. थराच्या वर पाणी किंवा वायू असेल तरीही पंचाईत: चेंबर तिथे पोहोचला की वाफ त्या रिकाम्या जागेत पळते. अल्बर्टाच्या नियामकानं २००३ मध्ये बिटुमेनच्या वरच्या वायूच्या शेकडो विहिरी बंद करायला लावल्या त्या याच कारणानं, खालच्या बिटुमेनसाठी दाब टिकून राहावा म्हणून.

आणि वरचं आवरण. १८ मे २००६ ला जॉसलिन क्रीक इथे टोटल कंपनीच्या सॅगडी प्रकल्पात वाफेनं वरचा खडक फोडला आणि जमिनीत शंभर मीटरहून लांब खड्डा पडला, दगड-माती दूरवर उडाली. कुणी दगावलं नाही. साठा उथळ होता आणि सुरुवातीच्या टप्प्यात दाब जास्त दिला गेला. त्यानंतर वरच्या खडकाची ताकद मोजून दाबाची कमाल मर्यादा ठरवणं याकडे नियामक फार काटेकोरपणे बघायला लागला, आणि ते योग्यच आहे. दाब वाढवला की तापमान वाढतं, उत्पादन वाढतं, साहेब खूश होतात. अशा वेळी खडकाच्या बाजूनं बोलणारं कुणीतरी खोलीत असायलाच हवं, आणि ते काम रिझर्व्हॉयर इंजिनिअरचं आहे.

खाण नाही म्हणजे वरच्या जंगलाला धक्का नाही, हा समजही चुकीचा. सगळं जंगल उपटत नाहीत हे खरं, पण पॅड (विहिरींसाठी सपाट केलेल्या जागा), पाइपलाइन, रस्ते आणि सर्वेक्षणासाठी तोडलेल्या सरळ रेषा यांनी त्याचे तुकडे पडतात. या रेषा लांडग्यांना आयत्या वाटा मिळवून देतात आणि रानातल्या कॅरिबू हरणांचे कळप त्यामुळे घटले आहेत. त्या रेषांवर पुन्हा झाडं लावायचं काम चालू आहे, पण तिथल्या थंडीत स्प्रूसचं एक झाड माणसाच्या उंचीचं व्हायलाही वर्षानुवर्षं लागतात.

बाहेर काढलेलं बिटुमेन थंड झालं की पाइपलाइनमधून वाहत नाही, म्हणून त्यात साधारण ३० टक्के कंडेन्सेट, म्हणजे अगदी हलकं, पातळ तेल, मिसळतात. २०२४ मध्ये ट्रान्स माउंटन पाइपलाइनची वाढीव क्षमता सुरू झाल्यापासून हे मिश्रण प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरून आशियाकडेही मोठ्या प्रमाणावर जातं. पुढची दिशा म्हणाल तर वाफेत ब्युटेन-प्रोपेनसारखं सॉल्व्हंट, म्हणजे बिटुमेन विरघळवणारं द्रव्य, मिसळणं: ते बिटुमेनला थोड्या कमी उष्णतेत पातळ करतं, म्हणजे एसओआर घटतो. बटलर यांनीच सॉल्व्हंटच्या कल्पनेवर नंतरची वर्षं काम केलं होतं. इम्पीरियलनं कोल्ड लेकच्या ग्रँड रॅपिड्स थरात २०२४ मध्ये ते मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. महागडं सॉल्व्हंट जमिनीतून परत किती मिळतं यावर सगळा हिशेब अवलंबून आहे.

आता भारत. मेहसाण्यात बलोल आणि संथाल इथे ओएनजीसीनं १९९० मध्ये चाचणी करून १९९७ पासून जमिनीखाली तेलाचाच थोडा भाग पेटवून उरलेलं ढकलायची पद्धत चालवली. वर म्हटलेलं ढकलणं तिथे जमलं, कारण ते तेल जड असलं तरी मुळात वाहतं आहे. व्हिस्कॉसिटी शेकड्यांमध्ये, लाखांमध्ये नाही. शिवाय थर हजार मीटरच्या आसपास खोल, आणि इतक्या खोलवर वाफ नेताना विहिरीतच बरीच उष्णता वाया जाते. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातल्या बाघेवालाचं तेल खूपच दाट आहे आणि ऑइल इंडिया तिथे कोल्ड लेकसारखी, एकाच विहिरीत वाफ भरून उपसायची पद्धत वापरते. बाडमेरच्या मंगला क्षेत्राचं नाव लोक यात घेतात, पण ते तेल जड नाही, मेणचट आहे. त्याची पाइपलाइन गरम ठेवावी लागते ती मेण गोठू नये म्हणून. तो विषय वेगळा.

सॅगडीसाठी पंधरा-वीस मीटर सलग जाड, स्वच्छ वाळू, माफक खोली, वर भक्कम आवरण, स्वस्त वायू आणि भरपूर पाणी हे सगळं एकाच जागी लागतं. भारतात माझ्या माहितीतल्या कुठल्याही क्षेत्रात ते एकत्र नाही. बाघेवालासारख्या ठिकाणी वाळवंटातलं पाणी आणि खोलवर जाईपर्यंत वाफेची राखावी लागणारी उष्णता हे दोन प्रश्न आधी सोडवायला लागतील. प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर उष्णतारोधक ट्युबिंगचा (विहिरीतून वाफ खाली नेणाऱ्या नळीचा) घे: हजार मीटर खाली पोहोचेपर्यंत वाफेचा किती भाग वाफ म्हणून शिल्लक राहतो, हे आपल्याकडच्या विहिरींच्या मापांवर काढून बघ.